'निवासी' डॉक्टर घडवणारा माणूस

'मार्ड'चा संप झाला की पेपरात एक शब्द हमखास दिसतो : निवासी डॉक्टर. तुम्ही तो इतक्या वेळा वाचलाय की त्यात काही विचित्र आहे हे आता जाणवतही नाही. निवासी म्हणजे राहणारा. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीला आपण निवासी सीए म्हणत नाही. वकिलाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला निवासी वकील म्हणत नाही. मग एमबीबीएस होऊन एमडी, एमएस करायला आलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या डॉक्टरलाच हे विशेषण का?

कारण एके काळी हे डॉक्टर खरोखरच हॉस्पिटलमध्ये राहायचे. झोपणं तिथे, जेवण तिथे, लग्न नाही, आणि सुट्टी कधी मिळेल याचा पत्ता नाही. सर्जन घडवण्याची ही पद्धत अमेरिकेत ज्या माणसाने बसवली, त्याचं नाव डॉ. विल्यम स्टुअर्ट हॅलस्टेड. सर्जरीच्या पुस्तकांत ते ऑपरेशनांच्या नावांमुळे भेटतात. आपण आज त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी जाणार आहोत. डॉक्टरांचा दिवस आणि रात्र कशी आखायची हे त्यांनी ठरवलं, आणि ती आखणी त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही पुरती पुसली गेलेली नाही.

तुम्ही मेडिकलला असाल तर हे तुमच्याबद्दल आहे. नसाल तरी कधीतरी रात्री दोन वाजता घरच्या कुणाला घेऊन कॅज्युअल्टीत धावणार आहातच. तेव्हा समोर जो डॉक्टर उभा असेल, तो किती तास जागा आहे याच्याशी तुमचाही संबंध आहे.

लायब्ररीत न दिसणारा विद्यार्थी

२३ सप्टेंबर १८५२ ला न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत घरात विल्यमचा जन्म झाला. वडिलांचा कापडाच्या आयातीचा मोठा धंदा. मुलगा येल कॉलेजात गेला आणि तिथे फुटबॉल टीमचा कॅप्टन झाला. अभ्यासात मात्र यथातथाच. येलच्या लायब्ररीतून त्याने एकही पुस्तक घेतल्याची नोंद नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. शेवटच्या वर्षी कधीतरी त्याने अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीची पुस्तकं विकत घेतली आणि गडी तिकडेच वळला. १८७४ साली मेडिकलला प्रवेश, १८७७ साली डॉक्टर.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर होणं म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लेक्चर्स ऐकायची, एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरच्या मागे फिरायचं, परीक्षा द्यायची. सर्जन होण्यासाठी वेगळं शिक्षण जवळजवळ नव्हतंच. डिग्री मिळाली की हिंमत असेल त्याने चाकू हातात घ्यावा. शिकायचं ते पेशंटवरच, आणि चूक झाली तर सांगायला शेजारी कोणी नाही.

हॅलस्टेड १८७८ ते १८८० युरोपात फिरले. व्हिएन्ना, लाइपझिग, वुर्झबर्ग, हाले अशा ठिकाणी त्यांनी मोठमोठे सर्जन काम करताना पाहिले. पण ऑपरेशनांइतकंच त्यांच्या नजरेत भरलं ते त्या सर्जनांभोवतीचं मनुष्यबळ. जर्मन प्रोफेसरच्या हाताखाली तरुण असिस्टंट वर्षानुवर्षं असत. वॉर्ड तेच सांभाळत, लॅबमध्ये काम करत, हळूहळू ऑपरेशनं करायला लागत, आणि मग त्यातलाच एखादा दुसऱ्या गावी प्रोफेसर होऊन जाई. सर्जन एकट्याने तयार होत नाही, त्याला तयार करणारी एक व्यवस्था लागते, हे हॅलस्टेडना तिथे कळलं.

सहा हॉस्पिटलं आणि एक तंबू

परत आल्यावरची चार वर्षं म्हणजे नुसता धडाका. न्यूयॉर्कमध्ये हॅलस्टेड एकाच वेळी पाच-सहा हॉस्पिटलांत काम करत होते. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, रात्री तिसरीकडे. शिवाय विद्यार्थ्यांच्या शिकवण्या. बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची स्वच्छता त्यांना पटेना, तर त्यांनी पैसे उभे करून हॉस्पिटलच्या आवारात स्वतःसाठी वेगळा तंबू उभारून घेतला आणि तिथे ऑपरेशनं सुरू केली.

घरच्यांवरही त्यांनी हात चालवला. १८८१ साली बहिणीला बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झाला. हॅलस्टेडनी स्वतःच्या हातातून रक्त काढून तिला दिलं. रक्तगटांचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती, म्हणजे हा चक्क जुगार होता. बहीण वाचली. पुढच्या वर्षी आई पित्ताशयाच्या आजाराने अत्यवस्थ झाली, तर त्यांनी अपरात्री घरातच टेबलावर तिचं ऑपरेशन करून खडे काढले. आईही वाचली.

असा माणूस आपल्याला हिरो वाटतो. पण जरा त्याच्या दिवसाकडे बघा. वेळेला हद्द नाही, थांबवणारं कोणी नाही, आणि प्रत्येक धाडस यशस्वी होतंय. धोका नेमका अशाच वेळी दारात उभा असतो.

सुई

१८८४ मध्ये युरोपातून बातमी आली. कार्ल कोलर नावाच्या व्हिएन्नाच्या तरुण डॉक्टरने दाखवून दिलं होतं की डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो, आणि पेशंट जागा असतानाच ऑपरेशन करता येतं. तोवर ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन माणसाला पूर्ण बेशुद्ध करावं लागे, आणि त्यातही जीव जात.

हॅलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे नेली. कोकेन सुईने थेट नसेजवळ सोडलं तर त्या नसेचा सगळा भाग बधिर होतो, हे त्यांनी शोधलं. दाढ काढताना डेंटिस्ट तुमच्या खालच्या जबड्यात जे इंजेक्शन देतो आणि अर्धा ओठ गायब झाल्यासारखा वाटतो, ती युक्ती याच मंडळींची. आज औषध वेगळं आहे, जागा तीच.

प्रयोग कुणावर केले? स्वतःवर आणि एकमेकांवर. कोकेनचं व्यसन लागतं, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. काही महिन्यांत या गटातले बरेच जण अडकले. काहींची आयुष्यं पार उद्ध्वस्त झाली. १८८५ साली हॅलस्टेडचा एक लेख वैद्यकीय मासिकात छापून आला. त्याची वाक्यं इतकी भरकटलेली आहेत की लिहिणाऱ्याची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही.

१८८६ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कचा हा चमकता सर्जन प्रॉव्हिडन्स शहरातल्या बटलर हॉस्पिटलमध्ये, म्हणजे मनोरुग्णालयात, दाखल झाला. तिथे सुमारे सात महिने काढले. कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन देण्याची पद्धत तेव्हा होती, आणि हॅलस्टेडच्या पदरात दुसरं व्यसन पडलं. न्यूयॉर्कमधलं करिअर संपल्यात जमा होतं.

दुसरी संधी

इथे त्यांच्या आयुष्यात विल्यम वेल्च आले. पॅथॉलॉजीचे हे प्राध्यापक बाल्टिमोर शहरात उभ्या राहत असलेल्या जॉन्स हॉपकिन्स या नव्या संस्थेची बांधणी करत होते. हॅलस्टेडची अवस्था त्यांना पक्की माहीत होती. तरी त्यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून घेतलं, आपल्याच बिऱ्हाडी ठेवलं आणि आपल्या लॅबमध्ये काम दिलं. पेशंट नाहीत, रात्रीचे कॉल नाहीत, धावपळ नाही. कुत्र्यांच्या आतड्यांवर टाके कसे टिकतात याचा अभ्यास करायचा, बस्स.

१८८७ साली ते पुन्हा घसरले आणि पुन्हा बटलरला जाऊन राहिले. वेल्चनी तरीही दार लावून घेतलं नाही. १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. आधी हंगामी नेमणूक, १८९० साली मुख्य सर्जन, १८९२ साली प्रोफेसर, असे हॅलस्टेड चढत गेले.

आजारी माणसाला संस्थेने वेळ दिला, काम त्याला झेपेल असं आखून दिलं आणि माणूस उभा राहिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाने तरुण डॉक्टरांसाठी जी व्यवस्था केली, तिच्यात अशी सवलत कुठेच नव्हती.

पिरॅमिड

बाल्टिमोरला आलेले हॅलस्टेड न्यूयॉर्कचे राहिले नव्हते. धडाका संपला होता. आता ते अतिशय हळू, एकेक रक्तवाहिनी बांधत, पेशींना धक्का न लावता ऑपरेशन करत. आणि सर्जन घडवण्याची योजनाही त्यांनी तितक्याच चिकाटीने बसवली.

रचना पिरॅमिडसारखी होती. पायथ्याशी इंटर्न, एका वर्षासाठी. त्यांच्यातले मोजके वर जाऊन असिस्टंट होत. असिस्टंटमधून शेवटी एकच जण शिखरावर पोचे, तो हाउस सर्जन, म्हणजे आजच्या भाषेत चीफ रेसिडेंट. सरासरी सहा वर्षं असिस्टंट आणि मग दोन वर्षं हाउस सर्जन. 'सरासरी' म्हटलं, कारण मुदत ठरलेलीच नव्हती. तुम्ही तयार झालात की नाही, हे प्रोफेसर ठरवणार. सगळ्यांनी हॉस्पिटलमध्येच राहायचं. राहणं-जेवण मिळे, पगार म्हणावा असं फारसं काही नाही. लग्न केलेलं चालत नसे.

हॅलस्टेड तिथे जवळपास ३३ वर्षं होते. एवढ्या काळात शिखरावर पोचले फक्त १७ जण. आणखी ५५ जण असिस्टंट म्हणून राहिले आणि तिथूनच बाहेर पडले. त्या १७ पैकी ११ जणांनी पुढे दुसऱ्या ठिकाणी जाऊन अशीच व्यवस्था सुरू केली. ही पद्धत अमेरिकाभर पसरली ती अशी, माणसांच्या पायांनी.

या पद्धतीत चांगलं काय होतं तेही नीट बघायला हवं, नाहीतर आपण अन्याय करू. पहिल्यांदाच सर्जन होण्याची एक शिडी तयार झाली. आधी पाहायचं, मग मदत करायची, मग वरचा शेजारी असताना स्वतः करायचं, आणि शेवटी खालच्याला शिकवायचं. हाउस सर्जनवर टाकलेला विश्वास तर थक्क करणारा होता. मोठमोठी ऑपरेशनं तो स्वतः करी. हार्वी कशिंग याच शिडीवरून गेले आणि त्यांनी मेंदूच्या सर्जरीचा पाया घातला. वॉल्टर डँडी त्याच वाटेने आले. ह्यू यंग यांच्याकडे हॅलस्टेडनी मूत्रविकारांचं काम सोपवलं, आणि त्यातून एक वेगळी शाखाच उभी राहिली.

हातमोज्यांची गोष्ट

हाताखालच्या माणसाला मोकळीक दिली तर काय होतं, याचं हे सुंदर उदाहरण. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स होत्या कॅरोलिन हॅम्प्टन. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या क्षाराने त्यांच्या हातांची सालं निघायला लागली. हॅलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. उद्देश एवढाच की कॅरोलिनचे हात वाचावेत.

मोजे सोयीचे निघाले, म्हणून हळूहळू इतरही वापरू लागले. पण सर्जनने स्वतः प्रत्येक ऑपरेशनला मोजे घालायचेच, हा नियम सुरू केला तो हॅलस्टेडच्या एका रेसिडेंटने, जोसेफ ब्लडगुड यांनी. हर्नियाच्या ऑपरेशनांच्या नोंदी तपासून त्यांनीच दाखवलं की मोज्यांमुळे जखमा चिघळण्याचं प्रमाण खूप खाली आलंय. प्रोफेसरच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं असलेली गोष्ट ज्युनिअरने पाहिली.

आणि कॅरोलिन? जून १८९० मध्ये त्यांचं आणि हॅलस्टेडचं लग्न झालं, आणि त्यांनी नोकरी सोडली. विवाहित नर्सला त्या जगात जागा नव्हती. जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजात १८९३ पासून मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश होता, कारण ज्या बाईंनी मोठी देणगी दिली त्यांनी तशी अटच घातली होती. पण शिखरावर पोचलेल्या त्या १७ जणांत एकही बाई नाही. आठ-आठ वर्षं हॉस्पिटलमध्येच राहायचं, लग्न करायचं नाही, ही रचना कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखली होती, ते यातून कळतं.

सर कुठे आहेत?

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचरा भाग. ज्यांनी असिस्टंटना चोवीस तास हॉस्पिटलमध्ये बांधून ठेवलं, ते स्वतः तिथे फारसे नसायचे.

हॅलस्टेड उशिरा येत. कधी ऑपरेशन मध्येच हाउस सर्जनवर सोपवून निघून जात. उन्हाळ्यात कित्येक महिने ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या आपल्या इस्टेटीवर डेलियाची फुलं वाढवत. शर्ट धुवायला बोटीने पॅरिसला पाठवत. वॉर्ड मात्र चालू असे, कारण तिथे तरुण मुलं राहत होती. कशिंग घरच्यांना पाठवलेल्या पत्रांतून या गैरहजेरीबद्दल कुरकुर करत. आणि त्याच गैरहजेरीमुळे त्यांना इतकी ऑपरेशनं करायला मिळाली, हेही तितकंच खरं.

यामागचं कारण जवळच्या दोन-चार लोकांनाच माहीत होतं. विल्यम ऑस्लर हे हॉपकिन्सचे मुख्य फिजिशियन. त्यांनी हॉस्पिटलचा आतला इतिहास एका छोट्या कुलूपबंद वहीत लिहून ठेवला होता. ती वही १९६९ साली लोकांसमोर आली. त्यात नोंद आहे की हॅलस्टेड हॉपकिन्सला आल्यानंतरही मॉर्फिन घेत होते, एका काळात दिवसाला तीन ग्रेन, म्हणजे जवळपास दोनशे मिलिग्रॅमपर्यंत. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस व्यसनासकट तीन दशकं काम करत राहिला, कारण मित्रांनी गुपित राखलं आणि हाताखालच्यांनी भार उचलला.

इथे एक सावधगिरी. डॉक्टरांच्या ३६ तासांच्या ड्युट्या कोकेन घेणाऱ्या एका सर्जनमुळे आल्या, अशी रील तुम्ही पाहिली असेल. ऐकायला झकास आहे, पण हिशेब जुळत नाही. रेसिडेन्सी बसवली तेव्हाचे हॅलस्टेड उलट मंद, थकणारे, माणसं टाळणारे होते. हॉस्पिटलमध्ये राहण्याची कल्पना त्यांनी जर्मनीत पाहिली होती. व्यसनाने ड्युटी लांबली असं नाही. व्यसनाने एवढंच झालं की वरचा माणूस गैरहजर असतानाही चालेल, अशी ती व्यवस्था झाली.

७ सप्टेंबर १९२२ ला हॅलस्टेड गेले. त्यांनाही आईसारखाच पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास होता. शेवटचं ऑपरेशन त्यांच्याच दोन रेसिडेंटनी केलं, जॉर्ज ह्यूअर आणि माँट रीड यांनी. नंतर न्यूमोनिया झाला आणि ते वाचले नाहीत. कॅरोलिनही पुढच्या तीन महिन्यांच्या आत गेल्या.

राहणं उरलं, शिडी मोडकी झाली

आता विचार करा. १९०० सालचा वॉर्ड कसा होता? हर्नियाचा पेशंट ऑपरेशननंतर तीन-तीन आठवडे खाटेवर पडून असे. आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, दर तासाला येणारे रिपोर्ट नाहीत. असिस्टंट हॉस्पिटलमध्ये राहत होता म्हणजे चोवीस तास पळत नव्हता. रात्री झोपत होता, लॅबमध्ये बसत होता, वाचत होता.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत वॉर्ड पार बदलला. पेशंट वाढले, एकेकाचा मुक्काम तीन आठवड्यांवरून तीन-चार दिवसांवर आला, मशिनं आली, औषधं शेकड्यांनी आली. एका रात्रीत करायचं काम कितीतरी पटींनी वाढलं. ड्युटीचे तास मात्र जुन्याच हिशेबाचे राहिले. रेसिडेंट आता हॉस्पिटलमध्ये राहत नव्हता, जागत होता.

मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची कॉलेजातली मुलगी रात्री तापाने फणफणत दाखल झाली आणि सकाळपर्यंत गेली. तिला पाहणारे दोघे रेसिडेन्सीतले डॉक्टर लांबलचक ड्युटीत होते, आणि त्यांच्यावर त्या रात्री कितीतरी पेशंटांची जबाबदारी होती. अनुभवी डॉक्टर फोनच्या दुसऱ्या टोकाला. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं. चौकशी समितीने नुसत्या तासांकडे पाहिलं नाही, रात्री वरिष्ठ प्रत्यक्ष हजर का नाहीत हेही विचारलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला जास्तीत जास्त ८० तास आणि सलग २४ तास, अशी मर्यादा आली. २००३ पासून ८० तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेत लागू झाली.

म्हणजे हॅलस्टेडच्या व्यवस्थेतला चांगला अर्धा भाग, शेजारी उभा राहून शिकवणारा वरचा माणूस, रात्रीच्या वेळी नाहीसा झाला होता. न संपणारा मुक्काम हा दुसरा अर्धा भाग मात्र परंपरा म्हणून जपला गेला.

पण तास कमी केले की सगळं सुटतं का? तसंही नाही. २००४ साली बोस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात, आयसीयूत सलग २४ तासांहून जास्त काम करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. ही एक बाजू. २०१६ साली सर्जरीच्या ११७ प्रशिक्षण केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत उलट दिसलं की पाळ्यांचे नियम सैल ठेवले तरी पेशंटांचं नुकसान वाढलं नाही. मात्र सैल नियमांतले रेसिडेंट झोप, तब्येत आणि घरच्यांसाठी मिळणारा वेळ याबाबत जास्त नाराज होते.

हे कोडं वाटेल, पण वॉर्डमध्ये उभं राहिलात तर उलगडतं. पाळी लहान केली की पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जास्त वेळा सोपवला जातो. त्या वेळी एखादी गोष्ट सांगायची राहिली, तर थकव्याइतकीच महागात पडते. २०१४ साली नऊ हॉस्पिटलांत हा निरोप देण्याची ठरावीक पद्धत घालून दिली, तर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. तास तेवढेच, माणसं तीच. फक्त काम हातातून हातात कसं द्यायचं ते नीट बसवलं.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे आधी ब्रिटिश वळणाचे 'हाउसमन' होते, पुढे 'रेसिडेंट' आला आणि त्याचा 'निवासी' झाला. नियम कागदावर नाहीत असं मुळीच नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत ज्युनिअर रेसिडेंटने साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असं म्हटलंय. पण त्याच वाक्याला कामाच्या गरजेनुसार लवचिकतेची शेपटी आहे. व्यवहारात शेपटीच कुत्र्याला हलवते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत 'वाजवी' तास, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची रजा आहे. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा नाही. २०२४ साली आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नको, अशी शिफारस केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ३६ तासांच्या ड्युटीत एक तरुण डॉक्टर थोडा आराम करायला सेमिनार हॉलमध्ये गेली, आणि तिथे अत्याचार करून तिचा खून झाला. गुन्हा गुन्हेगाराचाच. पण ज्या कामाच्या जागी माणसांना दीड दिवस थांबवून घेतात, तिथे त्यांना पाठ टेकायला दाराला कडी असलेली खोली नसावी, याचं उत्तर व्यवस्थेने द्यायचं असतं. हॅलस्टेडच्या रेसिडेंटना निदान स्वतःची खोली होती.

'आम्ही पण केलंय, तुम्हीही करा' हे वाक्य तुम्ही मेडिकलला असाल तर सीनिअर्सकडून ऐकलं असेल. त्यात काही खरंही आहे. रात्रीचा पेशंट सकाळपर्यंत सोबत राहून जे शिकवतो, ते पुस्तकात नसतं. पण 'आम्ही पण केलंय' ची साखळी मागे मागे नेलीत तर ती बाल्टिमोरमधल्या एका माणसापाशी जाते. बुद्धिमान, आजारी, श्रीमंत, आपल्या जागी सतत कोणीतरी उभं असावं अशी गरज असलेला माणूस. त्याने आपल्या काळासाठी, आपल्या हॉस्पिटलसाठी एक आखणी केली. माणसाने आखलेली गोष्ट माणसाला बदलता येते.

म्हणून पीजीसाठी कॉलेज निवडताना कटऑफ आणि स्टायपेंड जरूर बघा, पण तिथल्या सीनिअर्सना आणखी तीन प्रश्न विचारा. रात्री अडलं तर माझ्या वरचा माणूस प्रत्यक्ष येतो की फोनवरच असतो? ड्युटी संपताना पेशंट दुसऱ्याच्या हाती कसा देतात, लिहून की घाईघाईत तोंडी? आणि झोपायला खोली आहे का, तिला आतून कडी आहे का? मेडिकलला नसाल, सीएच्या फर्ममध्ये, वकिलाकडे किंवा एखाद्या स्टार्टअपमध्ये इंटर्नशिपला निघाला असाल, तर शब्द थोडे बदलून हेच प्रश्न तिथेही विचारा. उत्तरं देताना समोरचा अडखळला, तर तेही एक उत्तरच समजा.